रतन मागनं यायचीय

आमच्या घराला दार नाही. शनिशिंगणापुरात कुणाच्याच घराला नसतं, हे एव्हाना साऱ्या जगाला माहीत आहे. देवाला तेल वाहून झालं की लोक गल्लीत शिरतात आणि आमच्या चौकटींचे फोटो काढतात. एकदा एका बाईने मला विचारलं होतं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "वाटते ना, तुमच्या कुलपांची वाटते." ती हसली. मी काही गंमत केली नव्हती.

रात्री कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला एक फळी टेकवायची, एवढाच आमचा बंदोबस्त. माझं माहेरही याच गावातलं, दोन गल्ल्या सोडून. म्हणजे जन्मापासून मी घराचं दार म्हणून लोटलेलं नाही. अंगणवाडीत तीस वर्षं सेविका होते, पोरांना 'द' दाराचा शिकवायचा तर चित्र दाखवावं लागायचं.

आमचा एकुलता एक अमृत सुप्याच्या एमआयडीसीत कामाला लागला आणि त्याने तिथे फ्लॅट घेतला. मी पहिल्यांदा गेले ती एकटीच, एसटीने, हातात लाडवांचा डबा. तिसरा मजला चढून गेले तर दार बंद. आमच्याकडे घरात शिरायच्या आधी माणूस बाहेरून विचारतो, "हाय का कुनी?" तसं मी दोनदा विचारलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, पण कुणी ओ दिली नाही. भिंतीवरचं बटण मला दिव्याचं वाटलं. दारावर हात मारावा हे डोक्यातच आलं नाही. पाऊण तास पायरीवर बसून राहिले. शेवटी माझी सून निकिता कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आली आणि मला बघून किंचाळली.

ही गोष्ट आमच्या ह्यांनी गावभर केली. ज्याला त्याला सांगायचे, "आमची रतन सर्गाच्या दारात गेली तरी बाहीरच उभी ऱ्हाईल. तिला दार वाजवायचं ठावं न्हाई." लोक पोट धरून हसायचे. मी चहात साखर घालायची विसरून सूड घ्यायचे.

ह्यांचं नाव मच्छिंद्र. ते मी इथे लिहितेय, तोंडाने घेत नाही. लग्नातल्या उखाण्यात घेतलं, पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी अडवून घ्यायला लावलं तेवढंच. एक्केचाळीस वर्षं नुसतं 'अहो' म्हणून निभावलं. ह्यांना नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं, माझी सासू. चौकटीत उभी राहून ती अशी काही आवाज चढवायची, "मच्छिंद्राऽऽ", की हे कुठेही असले तरी सापडायचे. तिला जाऊनही आता वीस वर्षं झाली.

तरुणपणी ह्यांचा टेम्पो होता. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांवरून हिरडा भरायचे आणि संगमनेरला व्यापाऱ्याकडे टाकायचे. तिथल्या रानातल्या एका जागेचं ह्यांना भारी वेड होतं. ओढा, ओढ्याच्या काठाला आवळीची झाडं आणि वर जरासं सपाट. "तुला एकदा नेतो, रतन. तिथं तीन दगडाची चूल मांडून भाकर कर, मग चव बघ," हे मी दर वर्षी ऐकलं. नेलं कधीच नाही. अमृत चार वर्षांचा असताना टेम्पो विकला, देवळाच्या वाटेवर नारळाचं आणि रुईच्या माळांचं दुकान टाकलं, आणि त्यातच उमर गेली.

तीन वर्षांपूर्वी ह्यांनी एका गिऱ्हाइकाला एकच माळ चार वेळा विकायचा प्रयत्न केला, तेव्हा आम्हाला कळलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं. विसरायचा आजार, म्हणाले, वाढत जाणार. "घर बंद ठेवत जा, पेशंट निघून जातात." मी विचारलं, "कशानं बंद ठेवू?" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. गावाचं नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

आणि हे जायचेच निघून. कधी बसस्टँडवर, कधी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर. पण सारं गाव ओळखीचं. दुकानातली पोरं हात धरून आणून सोडायची. "काकू, घ्या तुमचं पार्सल." मी पोराला गूळ-शेंगदाणे द्यायचे आणि ह्यांना बाजेवर बसवायचे. अमृतचं नाव ह्यांच्या डोक्यातून गेलं, निकिताचं गेलं, नऊ वर्षांच्या नातीला, संस्कृतीला, हे माझी धाकटी बहीण समजायचे. पण मला विसरले नाहीत. सकाळी डोळा उघडला की पहिली हाक, "रतन, चहा टाक." त्या एका हाकेवर माझं चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर एकदा हे पार घोडेगावच्या हमरस्त्यावर पोचले. ट्रकवाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचले. त्याच दिवशी अमृत सुप्याहून आला तो पाय आपटतच.

"आई, आता बास झालं. दोघंबी सुप्याला चला. दार लावलं की लॅच लागतो, जीवाला घोर न्हाई."

"गुरं हाईत का ती कोंडायला?"

"गुरांना तरी दावं असतं, आई."

माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बोलायला ह्याला कुणी शिकवलं? मी त्याला नको नको ते बोलले. दार म्हणजे काय असतं माहीत नसलेल्या माणसाला म्हातारपणी तिसऱ्या मजल्यावर कोंडायचं, म्हणजे आजाराआधी त्यानेच मारायचं. मला ओळखतात तोवर हे ह्याच घरात राहतील, मी ठणकावून सांगितलं. अमृत म्हणाला, "आप्पांना त्या आवळीच्या रानात जायचं हुतं ना? संक्रांत झाली की जाऊ. तंबू लावू, दोन दिस ऱ्हाऊ. नीट पार पडलं तर मी पुन्हा विषय काढनार न्हाई. पर कायबी इकडंतिकडं झालं, तर तसंच सुप्याला न्यायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मला वाटलं, ह्यात काय, जिंकल्यातच जमा आहे.

अमृतने त्या वर्षी जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, म्हणून मी तिला नाकं मुरडली होती. पण जानेवारीत पहाटे ती चौकटीपुढे येऊन उभी राहिली तेव्हा माझाच जीव हरखला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ, तवा, सगळं बांधून घेतलं. घर तसंच टाकून निघालो. फळीसुद्धा टेकवली नाही, शेजारणीची मांजर आमच्याकडे झोपते.

राहुरी, संगमनेर, अकोले. राजूरला पेढे घेतले. हे खिडकीशी बसून प्रत्येक गावाला विचारत होते, "ह्ये कंचं गाव?" आणि सांगितलं की दोन मिनिटांनी पुन्हा तेच. संस्कृतीने त्याचा खेळ केला. ती दर वेळी नवंच नाव सांगायची आणि हे मान डोलवायचे. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली, कुठे तंबू लावायचा आणि कुठे नाही ते शिपायाने समजावलं. शेवटच्या वाडीनंतर डांबर संपलं. पुढे नुसता दगडगोट्यांचा गाडीरस्ता, दोन्ही बाजूंनी झाडी आत आलेली. जीप अशी हिंदकळायला लागली की माझी बत्तिशी वाजली. निकिताने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

आणि मग हे बोलले.

"हितं डाव्या अंगानं धर. उजवीकडं पानी मुरलेलं असतं."

अमृतने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. वळून बघितलं.

"बघतो काय? डावं धर. म्होरं बांबूचं बेट लागंल. तिथनं वढ्यात उतरायचं. पर सरळ घालू नगं, दगड तिरपा हाय. पयल्या गेरात टाक अन् सोड हळूहळू."

बांबूचं बेट लागलं. ओढा लागला. पाण्याखाली दगड तिरपाच होता. अमृतने ह्यांनी सांगितलं तशी जीप सोडली आणि ती पलीकडे चढली. हे सीटच्या कडेवर येऊन बसले होते, हात स्टिअरिंग धरल्यासारखे. दोन मिनिटांपूर्वी खाल्लेला पेढा ह्यांना आठवत नव्हता, आणि चौतीस वर्षांपूर्वीचा दगड आठवत होता. अमृतने पुढे एके ठिकाणी गाडी थांबवली आणि बाहीने तोंड पुसलं. "आई," तो म्हणाला, "तू म्हनतीस तेच खरं असंल." जिंकलेल्याने बोलू नये.

आवळीची झाडं होती. ओढा होता. वरचं सपाटही होतं, त्यावर गवत वाळून पिवळं झालेलं. हे उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला शोधलं.

"रतन," म्हणाले, "आनलं का न्हाई तुला?"

मी आयुष्यात ह्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकलं, थोडं गोड, बरंचसं तिखट. पण त्या दिवशीचं ते ऐकून मी जीपकडेच वळले. मी तवा काढला. तीन दगड मांडले, भाकरी थापल्या. ह्यांनी दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी मोडून माझ्या हातात दिली. "चव बघ." मी बघितली. रोजचीच बाजरी. पण सांगते, तशी भाकरी मी पुन्हा खाल्लेली नाही.

अमृत आणि निकिताने तंबू उभा केला. निळा, पाचही जण निजतील एवढा, आणि दाराच्या जागी चेन. हे आत जाऊन पडले आणि घोरायलाही लागले. तीन वाजले असतील. अमृत म्हणाला, "आई, आमी खालच्या वाडीवरनं पिन्याच्या पान्याचे जार आनतो. संस्कृतीला शेळ्या बघायच्यात, तिघंबी जातो. तू भांडी घासाया ओढ्यावर गेलीस तर चेन वढून ह्ये घाल." त्याने माझ्या हातात एक कुलूप ठेवलं. पिवळं, सुपारीएवढं. चेनीच्या दोन्ही टोकांत अडकवायचं.

"बरं," मी म्हटलं.

ते गेले. मी भांडी गोळा केली, तंबूपाशी आले. हे कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन निजले होते. मी चेनीला हात लावला. लावला तो काढून घेतला. निजलेल्या माणसावर दार ओढायचं आणि वर कुलूप घालायचं, हे माझ्या हाताला जमेना. जाग आली आणि चारी बाजूंनी निळं कापड दिसलं तर हे घाबरतील. आणि दगड आठवणाऱ्या माणसाला कुलूप कशाला? कुलूप मी पदराला बांधलं, चेन उघडीच ठेवली आणि ओढ्यावर गेले.

चाळीस पावलांवर होता ओढा. पण उतार होता, तंबू दिसत नव्हता. मी तवा राखेने घासला, पातेली घासली. मग पाण्यात पाय सोडून बसले. कधी बसते मी अशी? म्हटलं, घटकाभर बसू. सुप्याचा विषय संपला, असं मनाशी म्हणत बसले. अर्धा तास तरी बसले असेन.

वर आले तर तंबू रिकामा होता.

आता माझी चूक ऐका. मी घाबरले नाही. आमच्यात माणूस घरात नसला की बाहेर गेलाय, एवढाच त्याचा अर्थ. कुणीतरी आणून सोडेल. मी चुलीत काटक्या सारल्या आणि दोघांचा चहा ठेवला. चहाला उकळी आली, कपात गाळला, आणि "अहो, चहा" म्हणायला तोंड वर केलं, तेव्हा ह्यांच्या चपला दिसल्या. तंबूच्या तोंडाशी, नीट जोडीने. पुढे झाडी. तिच्यात रसवाला नव्हता, नारळवाला नव्हता, "घ्या तुमचं पार्सल" म्हणणारं पोरगं नव्हतं. ह्यांना इतके दिवस दार नसलेल्या घराने नाही, साऱ्या गावाने राखलं होतं. हे मला साठाव्या वर्षी त्या रानात, गार होत चाललेल्या दोन कपांपुढे कळलं.

मी धावत सुटले. "अहो! अहोऽऽ!" बांबूपर्यंत गेले, परत आले. जीप आली. अमृतने माझं तोंड बघितलं, उघडी चेन बघितली.

"कुलूप?"

मी पदराची गाठ दाखवली. बोलला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्याने संस्कृतीला जीपमध्ये बसवलं आणि निकिताला तिच्यापाशी ठेवलं. तो ओढ्याच्या खालच्या अंगाला पळाला, मी वरच्या. "आप्पा! आप्पा!" त्याचा आवाज लांब लांब जात होता. ऊन डोंगराच्या टोकाशी टेकलं होतं. वाडीवर बिबट्याच्या गोष्टी संस्कृतीने आत्ताच ऐकल्या होत्या, तिचं रडणं मला इथवर ऐकू येत होतं.

वरून एक बाई लाकडाची मोळी घेऊन उतरत होती. माझ्याच वयाची. मला बघून मोळी टाकून उभी राहिली.

"काय झालं, बाई?"

"माझं मानूस हरवलं. त्यांना ध्यान न्हाई ऱ्हात. तुमी कुनाला बगितलं का, धोतर-सदरा?"

"न्हाई बा. हाका मारत हुती ती तूच का? कोनाला मारती?"

"त्यांनाच."

"आगं, 'अहो' म्हनून रानात कोन वळंल? नाव घे की त्याचं!"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं. "लाज धरू नगं, बये," ती हळू म्हणाली. "दिस बुडंल आता."

मी तोंड उघडलं. आवाज फुटला, आणि तो माझा नव्हता. ह्यांचं नाव हाक म्हणून मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, दुसरी चाल मला येणार कुठून? मी सासूबाईंसारखंच कमरेवर हात ठेवून, शेवट वर चढवून ओरडले, "मच्छिंद्राऽऽ!"

रान गप्प झालं.

"मच्छिंद्राऽऽ! आरं कुठं हाईस?"

आणि वरच्या आवळींमधून, पन्नास-साठ पावलांवरून, आवाज आला. चांगला खणखणीत.

"ओऽऽ! आलो गं माय!"

मी तिथेच खाली बसले. त्या बाईने माझा खांदा धरला. हसत होती बिचारी. तिला वाटलं, सापडला, झालं. मलाही तेव्हा तेवढंच वाटलं. हे झाडीतून आले. अनवाणी, पायात काटे, सदऱ्याच्या ओच्यात आवळे. माझ्यापुढे आले आणि चार पावलं लांबच थांबले, मार चुकवायला पोर थांबतं तसे.

"माय, मारू नगंस," हे म्हणाले. "आवळं आनलं तुला."

मी ह्यांचे काटे काढले. ओढ्याच्या पाण्याने पाय धुतले. सारखी बोलत होते, अहो, कुठे गेलता, अहो, चपला नाही का घालायच्या. हे 'अहो'ला वळत नव्हते. चुकलेल्या पोरासारखे माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत होते.

शेकोटीपुढे बसलो. ह्यांनी निमूट भाकरी खाल्ली. मग इकडेतिकडे बघून, लाजत, मला विचारलं, "माय, रतन न्हाई का आली?"

"मीच रतन," मी म्हटलं.

ह्यांना हसू आलं. मोठ्या माणसाच्या थट्टेला हसावं तसं. "रतन केवढीशी हाय."

"आप्पा, अवं हीच की तुमची रतन," अमृत म्हणाला.

"तुमी कोन, पाव्हनं?"

निकिता माझ्याजवळ सरकली. तिने माझा हात धरला. "आई, हा आजारच असा आहे. आज ना उद्या होणारच होतं. तुमच्या हाकेने नाही झालं हे."

असेल. ती शिकलेली आहे, तिला माहीत असेल. पण मला एवढंच कळतं की दुपारी मी भाकरी केली तेव्हा मी रतन होते, आणि तिन्हीसांजेला नाव घेतलं तेव्हापासून नाही. एक्केचाळीस वर्षं जपलेलं नाव मी टाकलं. हे सापडले, आणि मीच हरवले. तिथे धाय मोकलून रडले मी, सुनेपुढे, नातीपुढे. लाज वाटली नाही.

मग डोळे पुसले आणि अमृतला म्हटलं, "सकाळी गावाकडं वळू नगं. सुप्याला चल."

"आई, तसं न्हाई..."

"बोलले ना. माझं मी हरले."

निजायची वेळ झाली. सगळे तंबूत आल्यावर मीच चेन ओढली, पदराची गाठ सोडली आणि कुलूप हातात घेतलं. हे उठून बसले. माझा हात धरला.

"माय, दार लावू नगं."

"का रं?"

"रतन मागनं यायचीय. तिला दार वाजवायचं ठावं न्हाई. बाहीरच उभी ऱ्हाईल गं ती."

मी कुलूप लावलं. आयुष्यातलं पहिलं.

सुप्याला येऊन आता दोन महिने झाले. इथे मी माय आहे. हे माझं ऐकतात, अंघोळीला हट्ट करत नाहीत, जेवताना माझ्याकडे बघून घास घेतात. त्रास काहीच नाही. फक्त दिवेलागणीला दारापाशी जाऊन उभे राहतात. "रतनला येळ झाला," म्हणतात. लॅचला हात लावून बघतात. तो कसा उघडायचा ते आमच्या गावच्या माणसाला काय ठाऊक.

काल मी कोथिंबिरीला खाली उतरले होते. अमृतची रात्रपाळी, म्हणून तो घरात होता. परत आले तर दार लागलेलं. बेल कुठली ते आता मला कळतं. बोट बटणापर्यंत नेलं, आणि आतून ह्यांची चाहूल लागली. दाराच्या अगदी पलीकडे, पाय घासत उभे होते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अहो."

पाय थांबले.

"कोन? रतन?"

मी पिशवी खाली ठेवली.

"रतन, तू हाईस व्हय गं?"

"व्हय. मीच हाय."

"किती येळ उभी हाईस? येडी का खुळी तू! दार वाजवावं मानसानं!"

"आत्ताच आले."

"थांब, उघडतो." लॅच खडखडला. पुन्हा खडखडला. "ह्ये काय म्हनावं... मला घावना गं, रतन."

"ऱ्हाऊ द्या. घाई न्हाई."

"दमलीस का?"

"न्हाई हो."

"तुला त्या आवळीच्या रानात न्यायचं राहिलं बघ."

"नेलं की. तुमीच नेलं. भाकर केली मी तिथं."

"चव बगितलीस?"

"बगितली. तुमी म्हनत हुता तशीच."

ते हसले. दारावर काहीतरी टेकल्याचा आवाज आला, कपाळ असेल. मीही माझ्या बाजूने हात ठेवला. लाकूड गार होतं. तेवढ्यात आतून अमृतची चप्पल वाजली. "सरा आप्पा, मी उघडतो. आई बाहीर हाय वाटतं."

मी बाहेरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट ओढून धरली. हे दार उघडलं की पांढऱ्या केसांची माय आत जाणार होती, आणि रतन बाहेरच राहणार होती.

"अमृत," मी म्हटलं, "आत्ता उघडू नगं रे. जरा येळ दार लागलेलंच ऱ्हाऊ दे."